पाय तेच, पास वेगळा

(या वेळच्या टपालात बहुतेक पत्रं संघ बदललेल्या फुटबॉलपटूंबद्दल आहेत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून तेवढीच पत्रं घेतो.)

प्रश्न : मामाच्या घरी फर्नांडो टोरेसचं लिव्हरपूलच्या लाल जर्सीतलं मोठं पोस्टर आहे. मामा म्हणतो, ‘हा चेल्सीला गेला आणि संपला.’ मी दोन्हीकडचे व्हिडिओ पाहिले. माणूस तोच, पाय तेच. मग संपलं काय?
– अकरावीतला विद्यार्थी, मिरज

उत्तर : तुझ्या मामाचं दुःख मला कळतं. 31 जानेवारी 2011 ला टोरेस 5 कोटी पौंडांना चेल्सीला गेला. तोवर इंग्लंडमधल्या कुठल्याही क्लबनं एका खेळाडूसाठी एवढी रक्कम मोजली नव्हती. लिव्हरपूलकडून लीगच्या 102 सामन्यांत त्याचे 65 गोल होते. चेल्सीकडून पहिला गोल यायला 23 एप्रिल उजाडला. मधे 903 मिनिटं कोरडी गेली. तो पहिला गोलही वेस्ट हॅमविरुद्ध भर पावसात झाला. मैदानात पाणी साचलं होतं, चेंडू डबक्यात अडला आणि टोरेसनं वळून तो जाळ्यात मारला.

आता पोस्टर पुन्हा एकदा बघ. त्यावर टोरेस एकटा आहे. त्याच्या मागे तीस यार्डांवर स्टीव्हन जेरार्ड असायचा, तो काही पोस्टरमध्ये आलेला नाही. टोरेसचा खेळ होता मोकळ्या रानात धावण्याचा. दोन बॅकच्या (बचावपटूंच्या) मधे उभा राहायचा, जेरार्डनं मान वर केली की सुटायचा, आणि चेंडू त्याच्या पुढ्यात येऊन पडायचा. जेरार्डच्याही मागे झाबी अलोन्सो होता. तो 2009 च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदला गेला, तेव्हाच टोरेसची अर्धी रसद तुटली होती. 2010 मध्ये त्याच्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. त्यामुळे ‘पाय तेच’ हे तुझं म्हणणं मला पूर्ण मान्य नाही. पहिल्या दोन पावलांत मिळणारी जी झेप होती, ती चेल्सीला जाण्याआधीच कमी झाली होती. विकत घेणाऱ्यांनी 2008 चा टोरेस डोळ्यांपुढे ठेवून 2011 च्या टोरेसचे पैसे दिले.

चेल्सीत दिदिए द्रोग्बा आधीपासून होता आणि सगळा संघ त्याच्या अंगाखांद्यावर खेळायचा. चेंडू त्याच्या छातीवर द्यायचा, त्यानं तो धरायचा, मग बाकीचे वर यायचे. शिवाय चेल्सीसमोर निम्मे संघ आपल्याच डीमध्ये (गोलसमोरच्या चौकटीत) दाटीवाटीनं उभे राहत. जिथं धावायला दहा यार्डही मोकळे नाहीत, तिथं धावणाऱ्या माणसानं करायचं काय? तो पाठ गोलकडे करून चेंडूची वाट बघत राहिला, आणि ते त्याचं काम कधीच नव्हतं. साडेतीन वर्षांत त्याला पाच प्रशिक्षक मिळाले, हेही लक्षात घे. सप्टेंबर 2011 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर त्यानं एक सुरेख गोल केला आणि त्याच सामन्यात गोलकीपरला चकवून रिकाम्या गोलबाहेर चेंडू मारला. लोकांच्या लक्षात दुसरंच राहिलं.

मामाला एक सामना आवर्जून दाखव. 24 एप्रिल 2012, बार्सिलोनाचं कॅम्प नोऊ, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी. चेल्सीचा जॉन टेरी बाहेर काढला गेलेला, दहा जण डीमध्ये जीव तोडून लढतायत. शेवटच्या मिनिटांत बार्सिलोनाचा सगळा संघ वर चढलेला आणि मागे अख्खं अर्धं मैदान रिकामं. तिथं टोरेसला चेंडू मिळाला. तो एकटा धावत गेला, गोलकीपर व्हाल्देसला चकवलं आणि गोल केला. चेल्सी अंतिम फेरीत! मैदान त्याला हवं तसं मिळालं तेव्हा तो पुन्हा तुझ्या मामाच्या पोस्टरमधला टोरेस झाला. तो धावताना मी घरात उभा राहिलो होतो. आजही ती चित्रफीत बघताना घसा दाटतो.

त्याच 31 जानेवारीला लिव्हरपूलनं काय केलं, हेही सांगायला हवं. एका दिवसात दोन फॉरवर्ड घेतले. न्यूकॅसलचा अँडी कॅरोल साडेतीन कोटी पौंडांना, आणि आयाक्सचा लुइस सुआरेझ सव्वादोन कोटींहून थोडा जास्त देऊन. कॅरोलचे न्यूकॅसलकडून त्या हंगामात 19 सामन्यांत 11 गोल होते. उंचापुरा गडी, विंगवरून क्रॉस आला की हेडर ठरलेला. लिव्हरपूलला आला तोच मांडीच्या दुखापतीसह, आणि इथं चेंडू जमिनीवरून खेळला जाऊ लागला होता. लीगमध्ये 44 सामने, 6 गोल. सुआरेझनं मात्र बदली उतरून पहिल्याच सामन्यात स्टोकविरुद्ध गोल केला, आणि 2013-14 मध्ये लीगच्या 33 सामन्यांत 31. त्याला कुणी पास दिला नाही तर तो बॅकच्या पायातून चेंडू ओरबाडून आणायचा. असे खेळाडू कुठल्याही संघात रुजतात, पण ते फार थोडे असतात. बाकीच्यांना शेजारी लागतात.

प्रश्न : सर्वांत स्वस्तात मिळालेला आणि सर्वांत जास्त फळलेला खेळाडू कोण?
– निवृत्त बँक कर्मचारी, सातारा

उत्तर : माझ्या मते एरिक कँटोना. नोव्हेंबर 1992, लीड्सकडून मँचेस्टर युनायटेड, 12 लाख पौंड. लीड्स तेव्हा इंग्लंडचे गतविजेते होते आणि त्यांनी आपला माणूस थेट प्रतिस्पर्ध्याला दिला. युनायटेडनं त्याच हंगामात 26 वर्षांनी लीग जिंकली. लीड्स सतराव्या क्रमांकावर घसरले. युनायटेडकडे पळणारी पोरं होती. चेंडू थांबवून ‘आता तू जा’ असं सांगणारा माणूस नव्हता, तो त्यांना मिळाला.

प्रश्न : चेल्सीनं मोहम्मद सलाह आणि केविन डी ब्रुयने दोघांनाही सोडून दिलं. तिथल्या प्रशिक्षकाला खेळ कळत नव्हता का? कंपनीतही असंच होतं, एका साहेबाला नको असलेला माणूस दुसरीकडे सोनं ठरतो.
– नोकरदार वाचक, पुणे

उत्तर : जोझे मोरिन्यो यांना खेळ कळत नव्हता, असं मी म्हणणार नाही. 2014-15 ची लीग त्यांनीच जिंकून दिली. त्यांना उद्या जिंकायचं होतं आणि या दोघांना एक-दोन वर्षं हवी होती, अडचण एवढीच. सलाह जानेवारी 2014 मध्ये बासेलहून आला. लीगचे 13 सामने आणि 2 गोल, त्यातही बऱ्याच वेळा शेवटच्या काही मिनिटांसाठी उतरलेला. त्याच्या पुढे हझार्ड, विलियन, ऑस्कर. मग तो फिओरेंतिनाला गेला, तिथून रोमाला. रोमाकडून 2016-17 च्या लीगमध्ये 15 गोल केल्यावर 2017 मध्ये लिव्हरपूलला आला आणि पहिल्याच हंगामात लीगचे 32 गोल. 38 सामन्यांच्या हंगामात तोवर एवढे कुणी केले नव्हते. लिव्हरपूलचा मधला फॉरवर्ड फिर्मिनो सारखा मागे यायचा, त्याच्याबरोबर बॅक पुढे ओढला जायचा आणि त्या रिकाम्या खिंडीतून सलाह आत घुसायचा. सलाहच्या गोलांतला बराच वाटा मी फिर्मिनोच्या नावावर लिहितो.

डी ब्रुयनेला चेल्सीत लीगचे जेमतेम तीन सामने मिळाले. जानेवारी 2014 मध्ये तो वोल्फ्सबुर्गला गेला आणि दीड वर्षात मँचेस्टर सिटीनं चेल्सीला मिळालेल्या रकमेच्या जवळजवळ तिप्पट पैसे मोजून त्याला घेतलं. तुमच्या कंपनीच्या उदाहरणाबद्दल म्हणाल, तर एवढंच सांगतो की दोघांनीही चेल्सीत राखीव बाकावर बसून वर्षं काढली नाहीत. लहान वाटणाऱ्या जागी गेले आणि तिथं दर आठवड्याला खेळले.

थिएरी हेन्रीचंही तसंच. युव्हेंटसमध्ये त्याला बाजूच्या रेषेला बांधून ठेवलं होतं. 16 सामने, 3 गोल. आर्सेन वेंगर यांनी त्याला मोनाकोत लहानाचा मोठा होताना पाहिलं होतं. 1999 मध्ये आर्सेनलला आणून त्यांनी त्याला मधे, सेंटर फॉरवर्डला उभं केलं. पहिल्या आठ सामन्यांत गोल नाही, तरी वेंगर हलले नाहीत. हंगामअखेर 26 गोल आणि शेवटी क्लबसाठी 228. त्या आठ सामन्यांचा मी फार विचार करतो. आपल्याकडं तिसऱ्या सामन्यालाच गॅलरीतून आरडाओरडा सुरू होतो.

आणि याच संदर्भात दिएगो फोर्लान, कारण त्याला मी डोळ्यांनी पाहिलाय. 2002 मध्ये उरुग्वेचा हा गोरा मुलगा मँचेस्टर युनायटेडला आला आणि पहिला गोल व्हायला त्याला आठ महिने आणि 27 सामने लागले. तोही पेनल्टीवर. इंग्लंडमध्ये त्याचं हसं झालं. 2004 मध्ये तो स्पेनमध्ये व्हियारेआलला गेला आणि पहिल्याच हंगामात लीगचे 25 गोल करून युरोपचा सर्वाधिक गोलांचा सोनेरी बूट हेन्रीबरोबर वाटून घेतला. पुढे 2010 च्या विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू. व्हियारेआलमध्ये त्याच्या मागे रिकेल्मे होता, चेंडू पायाखाली ठेवून अचूक वेळी सोडणारा. पुन्हा तीच गोष्ट आली बघा.

2016 मध्ये फोर्लान मुंबई सिटीकडून खेळायला आला. 19 नोव्हेंबरला केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या सामन्यासाठी मी पुतण्याला घेऊन रात्रीच्या गाडीनं कोल्हापूरहून निघालो. अंधेरीच्या स्टेडियममध्ये आमची जागा कॉर्नरच्या झेंड्यामागं होती. फोर्लान तेव्हा 37 वर्षांचा. पळत फारसा नव्हता, पण चेंडू यायच्या आधी दोनदा मान वळवून मागं बघायचा. ते मी पुतण्याला बोटानं दाखवलं. त्यानं तीन गोल केले, मुंबई 5-0 नं जिंकली. त्या 27 कोरड्या सामन्यांनंतर हा माणूस खेळ सोडून गेला असता, तर आम्हा दोघांना ती रात्र मिळाली नसती.

प्रश्न : कुटिन्होचं बार्सिलोनात वाटोळं झालं ते पैशाच्या ओझ्यामुळं का?
– वाचक, मडगाव

उत्तर : ओझं होतं, नाही कशाला म्हणू. जानेवारी 2018 मध्ये सगळे हप्ते धरून 16 कोटी युरोंपर्यंत जाणारा व्यवहार. पण खरी अडचण जागेची होती. लिव्हरपूलमध्ये कुटिन्हो डावीकडून आत येऊन पंचवीस यार्डांवरून मारायचा, तो तुकडा त्याचा होता. बार्सिलोनाला इनिएस्ताच्या जागी माणूस हवा होता, आणि मधला सगळा भाग तर मेस्सीचा. एका घरात दोघांची चूल मांडली गेली.

मला जास्त विचार करायला लावतं ते लिव्हरपूल. त्याच महिन्यात त्यांनी साडेसात कोटी पौंडांना बॅक व्हर्जिल व्हॅन डाइक घेतला, उन्हाळ्यात गोलकीपर अ‍ॅलिसन. देखणा खेळाडू गेला आणि घराची भिंत आणि दार पक्कं झालं. 7 मे 2019 ला अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलनं बार्सिलोनाला 4-0 हरवून चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठली, तेव्हा कुटिन्हो पाहुण्यांकडून खेळत होता आणि तासाभरानं त्याला बाहेर बोलावलं गेलं. पुढच्या हंगामात बार्सिलोनानं त्याला बायर्नला उसना दिला. 14 ऑगस्ट 2020 ला लिस्बनमध्ये बायर्ननं बार्सिलोनाला 8-2 असं झोडपलं, त्यातले शेवटचे दोन गोल बदली उतरलेल्या कुटिन्होचे. त्यानं ते साजरे केले नाहीत. मला त्या वेळी त्याचा चेहरा बघवला नाही.

प्रश्न : सगळी उदाहरणं परदेशातली का? आपल्याकडं कुणी नाही?
– क्रीडाशिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, रास्त तक्रार आहे. बायचुंग भूतिया ईस्ट बंगालहून 1995 मध्ये फगवाड्याच्या जेसीटीकडे गेला. कोलकात्यातली गर्दी सोडून पंजाबातल्या गिरणीच्या संघात जाणं त्या वेळी वेडेपणा वाटला असेल. 1996-97 ची पहिली राष्ट्रीय लीग जेसीटीनं जिंकली आणि सर्वाधिक गोल भूतियाचे. 1999 मध्ये तो इंग्लंडमधल्या बरीला गेला. तिसऱ्या श्रेणीचा, पैशाच्या अडचणीतला क्लब, त्यात गुडघ्याची दुखापत. 37 सामने, 3 गोल. पण हे अपयश आहे असं मी मानत नाही. वाट नसलेल्या डोंगरावर पहिलं पाऊल टाकणाऱ्याचे गोल मोजू नयेत.

सुनील छेत्रीची कहाणी मुलांना जरूर सांगा. 2010 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत लीगचा एकही सामना मिळाला नाही. 2012 मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या दुसऱ्या संघाकडून जेमतेम तीन. परत येऊन गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून आय-लीग (तेव्हाची राष्ट्रीय लीग) जिंकली. 2013 मध्ये तो बेंगळुरूच्या नव्याकोऱ्या क्लबात गेला, ज्याला ना इतिहास होता ना जुने प्रेक्षक. सगळा संघ त्याच्याभोवती रचला गेला आणि पहिल्याच हंगामात ते देशाचे विजेते झाले. तो तिथंच राहिला. दोनदा परदेशातून रिकाम्या हातानं परतलेल्या माणसाला जागा सापडली की तो किती वर्षं टिकतो, ते आपण पाहिलंच आहे.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. आमच्या पेठेच्या संघातून फॉरवर्डला खेळतो. त्याचे आजोबाही याच तालमीचे. यंदा दुसऱ्या पेठेच्या मोठ्या मंडळानं बोलावलंय. बूट, किट आणि सीझनचे काही पैसे देतो म्हणतात. घरात रोज वाद आहेत. शेजारचा त्याचा मित्र हाफला (मधल्या फळीत) खेळतो, तो रडकुंडीला आलाय. काय करावं?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण हे माझ्याच घरातलं आहे.

1987 चा सीझन. मी बावीस वर्षांचा, पेठेच्या संघात लेफ्ट-इन, म्हणजे डावीकडचा आतला फॉरवर्ड. आदल्या वर्षी शाहू स्टेडियमवर मी बरे गोल केले होते आणि एका मोठ्या संघाचे लोक आईला भेटायला घरी आले. पैसे आणि नोकरीचा शब्द. मी हो म्हणालो. तालमीत सांगायला गेलो, तेव्हा आमचे वस्ताद आखाड्याच्या कट्ट्यावर बसले होते. मला वाटलं, रागावतील, पेठेची आण घालतील. त्यांनी फक्त विचारलं, ‘‘तिकडं तुला बॉल देणारं कोण हाय रं?’’

मला त्या प्रश्नाचा अर्थच लागला नाही. बॉल काय, कुणीही देईल!

आमच्या संघात माझा शाळेपासूनचा दोस्त मधे खेळायचा. मी कधी हाक मारली नाही, हात वर केला नाही. मी सुटलो की चेंडू डाव्या पायाच्या पुढं दोन हातांवर यायचा. सहा वर्षं तसाच येत होता, म्हणून मला तो माझाच खेळ वाटला. नव्या संघात एक उंच सेंटर फॉरवर्ड होता, त्याच्या डोक्यावर क्रॉस टाकायचे हीच पद्धत. मला विंगला लावलं. माझा क्रॉस कधीच चांगला नव्हता. पाचव्या सामन्यानंतर मी बाहेर बसलो. नोकरीचा शब्द हवेत विरला, पैसे निम्मे मिळाले. तिसऱ्या सीझनला परत आलो तर पेठेत काही जण वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि तोवर माझा दोस्त पोटापाण्यासाठी इचलकरंजीला गेला होता. ती सहा वर्षांची जोडी तिथंच तुटली. याची खंत मला आजही आहे.

तरी मी तुमच्या मुलाला ‘जाऊ नको’ म्हणणार नाही. खेळाडूनं पेठेशी लग्न केलेलं नसतं, आणि सतराव्या वर्षी चांगला सराव, चांगले सामने मिळत असतील तर आजोबांच्या नावानं त्याला अडवू नका. पण बूट आणि पैसे यांच्याआधी दुसऱ्या गोष्टी बघा. त्या मंडळाचे दोन सामने त्याच्याबरोबर गॅलरीत बसून पाहा. चेंडू हाफकडून जमिनीवरून पुढं येतो की बॅक लांब मारून मोकळे होतात? त्याच्या जागेवर आत्ता कोण खेळतो, आणि तो मुलगा पुढच्या वर्षी आहे का? ज्यांनी बोलावलं, त्यांनी तुमच्या मुलाला किती वेळा खेळताना पाहिलंय? एकाच फायनलवर भाळून आले असतील तर सावध राहा. बरेच सामने बघून ‘याला अमुक जागेवर खेळवणार’ असं सांगत असतील, तर विचार करण्यासारखं आहे. पैशाचं जे ठरेल ते नोंदणीच्या कागदावर सही करायच्या आधी, दोन जाणत्या माणसांच्या समोर.

आजोबांशी तुम्ही बोलू नका, मुलाला बोलू द्या. सगळ्यांत आधी त्यानं त्यांना जाऊन सांगावं. माझ्या वडिलांना ते बाहेरून कळलं होतं.

आणि तो शेजारचा मुलगा, जो हाफला खेळतो. तुमच्या मुलाच्या किती गोलांना त्याचा पास होता, हे दोघांना समोर बसवून एकदा मोजायला लावा. मग त्या मंडळाला निरोप पाठवा की त्यांनी या हाफलाही एकदा खेळताना बघावं.